अर्धं नाव

सोमवार, ३
मिळाली एकदाची नोकरी. इस्पितळाच्या कम्प्युटर विभागात, आणि ताईचं बाळंतपणही इथेच व्हायचंय. खोलीचं दार कार्डाने उघडतं, मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवायचा. खुर्चीचं एक चाक कुरकुरतं, पण टेबल अख्खं माझं. साहेब बोलायला गोड. ही रोजनिशी जेवणाच्या सुट्टीत इथेच टाइप करतेय, कोणाला सांगितलेलं नाही.

मंगळवार, ४
एक्स-रे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भगदाड सापडल्याचं आज जाहीर झालं. मुद्दाम बिघडवलेला फोटो नुसता उघडला, की अख्खं मशीन चोराच्या ताब्यात. असे फोटो हुडकून अडवणारी चाळणी मी लिहायची. दुसऱ्याच दिवशी एवढी जबाबदारी, म्हणून मी खूश.

बुधवार, ५
चाळणीने चारशे बारा फोटो अडवले. सगळे निर्दोष, कोणाकोणाची मोडलेली हाडं. हाडांचे डॉक्टर जिना चढून भांडायला आले. साहेब म्हणाले, लांडगा आला रे किती वेळा ओरडणार. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच. डोकं नुसतं फिरलंय.

गुरुवार, ६
चाळणी सुधारली. आज एकच अडकला, आणि तो खरोखरच विषारी. फाइलचं नाव, ‘खुर्चीचं एक चाक कुरकुरतं’. हे मी फक्त इथे लिहिलं होतं. साहेबांना बोलावून आणेपर्यंत नावाच्या जागी नुसते आकडे. नव्या माणसाला ताण येतोच, म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवार, ७
आणखी एक. नाव अर्धवट, ‘ताईच्या खोलीतलं यंत्र बंद करा, ते’. असं मी कधी लिहिलं नव्हतं. कशाला लिहीन.
तक्रारी फार येतात म्हणून साहेबांनी सोमवारपर्यंत चाळणीच बंद केली. ताईला टेबलावरच्या फोनवरून फोन केला, दुसऱ्या इस्पितळात जा म्हटलं. ती म्हणाली, तुला नोकरी लागली की वेड. रडूच आलं मला.

शनिवार, ८
ताईला आत्ता ऑपरेशनला नेलं. सुट्टी असूनही मी इथे आले आणि न विचारता चाळणी चालू केली. एकच फोटो. ऑपरेशनच्या खोलीतल्या मशीनवर. उघडलेला.

मग सगळं गोठलं. फोन मुका. कार्डाला लाल दिवा. दार बडवलं, पण सुट्टीचा दिवस, मजल्यावर कोणी नाही—

फक्त ही रोजनिशी टाइप होतेय. का, ते कळतंय मला, त्या फाइलला नाव इथूनच मिळणार आहे. पण साहेबांना घरून माझा स्क्रीन दिसतो म्हणे— दुसरा मार्गच नाही—

साहेब, वाचत असाल तर, ताईच्या खोलीतलं यंत्र बंद करा, ते