गिटार विकणे आहे, घाई नाही

शनिवार, ४ मार्च

निर्णय घेतला. इलेक्ट्रिक गिटार विकायची. निर्णय संपूर्णपणे माझा. बायकोने फक्त एवढंच सांगितलं की एप्रिलपासून ती नोकरी सोडून घरीच पेशंट बघणार, त्यासाठी फिजिओथेरपीचं टेबल येणार, आणि ते टेबल मागच्या खोलीत जिथे गिटार, अँप्लिफायर आणि अँपवर वाळत घातलेले माझे मोजे असतात, नेमकं तिथेच बसतं. मापही घेऊन झालं होतं. बाकी निर्णय माझा.

ती म्हणाली, मिळतील ते घे, पाच हजार आले तरी खूप. तिला बाजार कळत नाही. मी अठरा वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. नुसता स्क्रू पिळून घ्यायला आलेल्या माणसाला दोन फ्रेम आणि गॉगल देऊन पाठवलेलं आहे. गिटार म्हणजे तरी काय, मोठी फ्रेमच.

किंमत चाळीस हजार. खाली येणार नाही.

रविवार, ५ मार्च

फोटो काढले. लेकीने (वय तेरा, मत प्रत्येक गोष्टीवर) विचारलं, फोटोत तू कशाला? म्हटलं, वाद्याबरोबर वादक दिसावा. ती म्हणाली, मग दोघं विकायला काढलेत असं वाटेल लोकांना.

जाहिरात स्वतः लिहिली. "व्यावसायिक कलावंताची इलेक्ट्रिक गिटार. भरपूर वाजवलेली, तरीही जवळजवळ नवी." लेक म्हणाली, दोन्ही कसं असेल? म्हटलं, जाहिरातीची भाषा वेगळी असते. "व्यावसायिक" या शब्दाकडे बायको बराच वेळ बघत राहिली. कॉलेजात आमच्या बँडचे चार कार्यक्रम झाले. चौथ्याचे पैसे मिळाले होते. याला व्यावसायिक नाही तर काय म्हणतात?

शेवटी "घाई नाही" असं टाकलं. समोरच्याला आपली गरज दिसता कामा नये.

मंगळवार, ७ मार्च

तीन मेसेज. एकाने विचारलं, चालू आहे का? गिटार काय मिक्सर आहे? दुसऱ्याला व्यायामाच्या सायकलीशी अदलाबदल करायची होती. तिसऱ्याने नुसतं "५?" लिहिलं. पुढे हजार की लाख लिहिलं नव्हतं, पण सूर समजला.

कुणालाच उत्तर दिलं नाही. आपण गप्प बसलो की भाव चढतो.

शनिवार, ११ मार्च

पहिलं गिऱ्हाईक घरी आलं. दाढीवाला, तरुण, बूट महागाचे. मी गिटार आधीच सोफ्यावर टेकवून ठेवली होती. अगदी सहज, जणू आत्ताच वाजवून ठेवली. दाढीवाल्याने ती उचलली, भिंतीला लावली आणि चार पावलं मागे जाऊन बघितली. त्याचं केस कापायचं दुकान आहे. आरशांच्या मधल्या भिंतीवर शोभेला हवी होती. आवाज ऐकवू का विचारलं तर म्हणाला, त्याने फरक पडत नाही.

झिजलेली आहे म्हणून त्याला फारच आवडली. नऊ हजार म्हणाला. लगेच, रोख.

मी शांतपणे सांगितलं की हिने चार कार्यक्रम केलेत, ही न्हाव्याच्या भिंतीवर लटकणार नाही. तो म्हणाला, बरं. आणि गेला. मला वाटलं होतं जिन्यातून परत येईल. दार थोडा वेळ उघडंच ठेवलं.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, नऊ? मी तत्त्वाचा मुद्दा समजावला. त्यावर ती संध्याकाळपर्यंत काही बोलली नाही. म्हणजे पटलं असावं.

बुधवार, १५ मार्च

फोन नाही. किंमत पंचेचाळीस केली. दुकानात एखादी फ्रेम खपत नसली की मी ती खालच्या कपाटात आरशाशेजारी ठेवतो आणि चिठ्ठी जास्त भावाची लावतो. हमखास जाते. एक चार वर्षं राहिली, पण गेली.

टेबल एकोणतीसला येणार आहे असं बायकोने कॅलेंडरवर लिहिलंय. लाल पेनने. पेन हाताशी तेच असेल.

रविवार, १९ मार्च

फोन आला, बाईंचा. आवाज वयस्कर. किंमत विचारली नाही. विचारलं, शेवटची कधी वाजवली होती? म्हटलं, रियाज चालूच असतो. त्या म्हणाल्या, शनिवारी पाचला येते.

नाव सांगितल्यावर ओळख पटली. जानेवारीत दुकानात चष्मा करून गेलेल्या जाड काचांच्या बाई. काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून मी त्यांना जास्तीचं कोटिंग दिलं होतं, वर डबीचे वेगळे लावले होते, आणि त्यांनी हू की चू न करता दिले होते. हे गिऱ्हाईक म्हणजे आयतं ताट. तीसच्या खाली एक पैसा सोडायचा नाही.

सोमवार, २० मार्च

योजना तयार. दुकानाच्या मागच्या खोलीत आमचा कारागीर काचा घासतो. सज्जन माणूस, कोणाच्या अध्यात नसतो. त्याला सांगितलं, शनिवारी सव्वापाचला मला फोन करायचा, आपण गिटार घ्यायला उत्सुक आहोत म्हणायचं आणि पस्तीस हजार बोलायचं. फोन मी बाईंना ऐकू जाईल असा ठेवणार. त्याने विचारलं, पण मला गिटार घ्यायची आहे का? नाही म्हटलं. मग पस्तीस जास्त होतात, तो म्हणाला. पुन्हा पहिल्यापासून समजावलं. शेवटी त्याने मान हलवली.

शनिवार, २५ मार्च

सविस्तर लिहितो, कारण आजचा व्यवहार गुंतागुंतीचा होता.

मालकांना दाढ दुखते असं सांगून लवकर निघालो. बाई पाचला दारात. पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर आमच्याच दुकानाची फ्रेम. त्या हॉटेलांत वाजवायच्या म्हणाल्या, कितीतरी वर्षं. आता घरी शिकवतात. जुनी गिटार पाण्यात भिजून गेली, म्हणून दुसरी बघताहेत.

गिटार मांडीवर घेऊन त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी जवळून बघायला सुरुवात केली. मानेवरच्या पट्ट्या झिजल्यात. केबल लावायचं भोक सैल आहे. एक खुंटी दुसऱ्याच गिटारीची आहे. मी म्हणालो, या सगळ्या अनुभवाच्या खुणा. (मी घेतली तेव्हाही ती अशीच होती. दोन हात फिरून माझ्याकडे आली. पण वीस वर्षं या खुणा मी सांभाळल्या, म्हणजे आता त्या माझ्याच.)

मी तीस म्हणालो. पंचेचाळीसवरून एकदम तीस, त्यांना उपकार वाटावेत म्हणून. त्या सात म्हणाल्या.

मग त्यांनी पुढच्या बाजूच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, ओरखडे पडू नयेत म्हणून तुम्ही माझ्याकडून जानेवारीत आठशे घेतलेत. म्हणजे ओरखडे नसण्याला किंमत आहे. मग असतील तेव्हा ती वजा व्हायला नको का? अठरा वर्षांत काउंटरच्या पलीकडून इतकं मुद्देसूद कोणी बोललेलं नाही.

तेवढ्यात कारागिराचा फोन. देवासारखा. मोठ्या आवाजावर टाकला. तो म्हणाला, नमस्कार, मी गिटारीसाठी उत्सुक आहे, पस्तीस. मी जरा नाटक करायचं म्हणून म्हणालो, पस्तीस कमीच वाटतात हो. इथे तो घाबरला. म्हणाला, मग राहू द्या, मला तशी नकोच आहे. मी डोळे मोठे केले, पण फोनवर डोळे दिसत नाहीत. मी म्हणालो, तुम्हीच तर परवा इतके मागे लागला होतात. तो म्हणाला, बरं मग अठ्ठावीस, पण घरी विचारावं लागेल, आणि मालक विचारताहेत दाढ काढली का?

फोन ठेवला. बाई म्हणाल्या, काचा फार छान घासतात ते. माझ्या त्यांनीच करून दिल्या, आवाज लक्षात आहे.

मी विषय बदलून चहाचं विचारलं. त्या म्हणाल्या, आधी जरा वाजवून दाखवता? म्हटलं, बोट कापलंय. कुठलं, त्यांनी विचारलं. दाखवलं. त्यांनी बोट नीट बघितलं आणि स्वतःच केबल लावली.

आवाजाचं बटण फिरवताच अँप खरखरलं. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी बटण फिरवत नाही. त्यांनी ते दहाबारा वेळा मागेपुढे केलं आणि खरखर गेली. मग त्यांनी वाजवलं.

काय ते सांगता येणार नाही. संथ होतं. मोठ्याने नव्हतं. बायको ओले हात घेऊन दारात आली आणि हात पुसायचे विसरली. लेकीने कानातले इअरफोन काढले आणि जमिनीवरच बसली. ती माझ्यासमोर कधी जमिनीवर बसत नाही, पाय दुखतात म्हणते. ही गिटार असा आवाज करते हे मला अर्थातच माहीत होतं. फक्त इतक्या जवळून ऐकलं नव्हतं.

मला एकदम तहान लागली. स्वयंपाकघरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायलो. मग एक ग्लास धुतला. मग दुसराही.

परत आलो तोवर बायकोने व्यवहार ठरवला होता. साडेसहा, अँपसकट. मी ताबडतोब मध्ये पडलो आणि ठामपणे सांगितलं की पट्टा यात धरलेला नाही. बाई म्हणाल्या, पट्ट्याशिवाय ती गळ्यात कशी घालणार? प्रश्न रास्त होता. पट्टा दिला. स्टँडही दिला, कारण नुसता स्टँड घरी ठेवून काय करायचं? पोचवायची जबाबदारीही माझ्याकडेच आली. मात्र पैसे रोखच हवेत, या मुद्द्यावर मी हललो नाही. त्यांनी रोखच आणले होते.

रविवार, २६ मार्च

गिटार पोचवली. बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. अँप माझ्या समजुतीपेक्षा जड निघालं. वीस वर्षं ते जागेवरून हललेलं नव्हतं.

त्यांच्या खोलीत भिंतीला लावून सात-आठ खुर्च्या, खिडकीशी एक फळा. माझी गिटार त्यांनी फळ्याशेजारी उभी केली. तिथे ती लहान दिसत होती. निघताना मी सांगितलं, काही अडलं तर विचारा, मला हिची नस न् नस माहीत आहे. त्या हो म्हणाल्या.

एकूण बघता व्यवहार फायद्यातच. साडेसहा म्हणजे बायकोच्या अंदाजापेक्षा दीड हजार वर. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, आणि दाढीवाल्यापेक्षा? तिला जुने विषय उकरायची सवय आहे.

बुधवार, २९ मार्च

टेबल आलं. बसलं. मागची खोली आता पेशंटची. बायकोने पडदा लावला, पांढरी चादर घातली आणि बराच वेळ दारात उभी राहून बघत होती. छान दिसत होती. टेबलाबद्दल लिहितोय.

मोजे कुठे वाळत घालायचे हा प्रश्न उरला.

शनिवार, १ एप्रिल

विक्रीनंतरची सेवा हा आमच्या धंद्याचा कणा आहे. चष्मा दिला की आठवड्याने विचारायचं, नाकावर टोचत नाही ना? त्याच हिशेबाने आज बाईंकडे गेलो. त्यांनी खुंटी बदलली होती, भोक घट्ट केलं होतं. गिटार बरी होती.

तास चालू होता म्हणून शेवटच्या खुर्चीवर बसून राहिलो, तो संपेपर्यंत. नंतर सहज फी विचारली. महिन्याला दोन हजार, बुधवारी संध्याकाळी. मी म्हणालो, मी काही नवखा नाही, दीड करा. त्या म्हणाल्या, दोन. म्हटलं, गिटार माझीच होती, एवढं तरी बघा. त्या म्हणाल्या, म्हणूनच दोन, इतरांना अडीच आहे. यात मी जिंकलो असं मला वाटतं.

पैसे साडेसहातून दिले. हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. माझी तयारी बघता दोन महिन्यांत बाई म्हणतील, आता तुम्ही शिकवा. घरी अजून काही सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

सोमवार, ३ एप्रिल

लेकीने आईला शिकवणीचं सांगून टाकलं. तिला कसं कळलं माहीत नाही. म्हणे, मी जेवताना डाव्या हाताने ताटाच्या कडेवर बोटं दाबत होतो. बायको हसली नाही. तेच जास्त लागलं.

बुधवार, ५ एप्रिल

दुकानात वर्षअखेरची मोजदाद. पाच वाजता सुटायचं ठरलं होतं, मालकांनी आठ केले. पहिला तास बुडाला. हरकत नाही. माझ्यासारख्याला एका तासाने काय फरक पडणार? उलट एकदम दुसऱ्या तासाला आलेला माणूस उठून दिसतो.

बुधवार, १२ एप्रिल

वर्गात एक आजोबा, दोन बहिणी आणि मी. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, ही गिटार यांची. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आजोबांनी तर खुर्ची वळवून घेतली.

बाईंनी ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, तुम्हाला कुठपर्यंत येतं ते कळू द्या, तिथून पुढे जाऊ.

काय बोलायचं ते येताना रस्त्यात ठरवलं होतं. थोडा खंड पडलाय, बोट कापलं होतं, तारा नव्या दिसतात. चार कार्यक्रमांतलं काहीतरी आठवेल असंही वाटलं होतं. डावा हात मानेवर ठेवला. त्या झिजलेल्या पट्ट्या बोटांना लागल्या. ज्या कोणी त्या झिजवल्या, त्याने खूप वाजवलं असणार. पुढे काही आठवेना. आजोबा वाट बघत होते. बाईही वाट बघत होत्या, अगदी मायेने, आणि त्यामुळे खोटं बोलणं अवघड झालं.

म्हणालो, पहिल्यापासूनच शिकवा.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि काही न विचारता गिटार परत घेतली. मला एक छोटी लाकडी दिली. माझं कोपर त्यांनी दोन बोटांनी उचलून जिथे असायला हवं तिथे ठेवलं. तासभर नुसतं धरणं चाललं होतं. शेवटी एक तार वाजली, स्वच्छ. बहिणींपैकी धाकटी म्हणाली, काका, जमलं.

घरी आलो तेव्हा बायको शेवटचा पेशंट आटपून चादर बदलत होती. विचारलं तिने, काय शिकलास? म्हटलं, धरायला. ती म्हणाली, हात बघू. बोटांच्या टोकांवर वळ उठले होते, मनगट ताठलं होतं. टेबलावर बसवून तिने मनगट नीट चोळून दिलं, एकेक बोट ओढून मोकळं केलं. मग म्हणाली, आज झालं तसं झालं, पुढच्या वेळेपासून फी पडेल.

किती, विचारलं.

तिने सांगितलं. मी बरं म्हणालो.