कोऱ्या चकतीला लवंगेचा वास

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (तोंड मिटूनच घातला आहे, कारण पुढे कळेल). मामी कशा आहेत? दिवसभर लोकांच्या जबड्यात वाकून तुमची कंबर धरते म्हणत होता, ती आता सुटली असेल. माझी प्रकृती ठणठणीत, दातही शाबूत. तीन वर्षं मी तुमच्या दवाखान्याकडे फिरकलो नाही, यावरून ते तुम्ही ओळखलं असेलच.

आमच्या बाईंबद्दल तुम्हाला एकदा सविस्तर लिहायचंच होतं. वनस्पतींच्या सुगंधी तेलांवर त्या दोन वर्षं काम करताहेत आणि मी त्यांचा प्रयोगशाळेतला मदतनीस. बाटल्या धुणं हे माझं नेमलेलं काम आणि थक्क होणं हे वरकड. बाई पोतंभर पाला वाफेवर चढवतात आणि शेवटी वाटीभरही तेल हाती येत नाही. बहुतेक तेलं पाण्यावर तरंगतात, लवंगेचं मात्र तळाशी जाऊन बसतं (आपल्या घराण्यातलं असावं). मग यंत्र त्या तेलातला एकेक घटक वेगळा करून कागदावर उंचवटे काढतं, आणि जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं माणूस ओळखावं तसं बाई नुसत्या उंचवट्यांवरून कोण आलंय ते सांगतात. एका थेंबात शंभरेक पदार्थ असतात हो मामा! झाडाला पळता येत नाही, म्हणून ते सगळी शस्त्रं पानातच बाळगतं, असं बाई म्हणतात. हे ऐकल्यापासून मी खिडकीतल्या कुंडीशी जरा अदबीनेच वागतो.

आता या शस्त्रांची परीक्षा कशी, तर काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि त्यांवर तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची. तेलात दम असेल तर चकतीभोवती जंतू वाढतच नाहीत, स्वच्छ गोल पडतो. शेजारी एक कोरी चकती असते, तिने काहीही करायचं नसतं (काम माझ्या स्वभावाचं, म्हणून कोऱ्या चकत्यांचा डबा माझ्या ताब्यात). चिमट्याने चकत्या ठेवायचं काम बाई माझ्याशिवाय कुणाला देत नाहीत, कारण माझा हात कापत नाही. आयुष्यात अभिमान बाळगावा अशी माझ्याकडे ही एवढीच गोष्ट आहे.

तर गेल्या आठवड्यात कोऱ्या चकतीनेच जंतू मारले. एका बशीत नव्हे, बाराच्या बारा बशांत! कोरी चकतीच मारू लागली, तर तेलांचे आकडे खरे कशावरून? महिनाअखेर निष्कर्ष पाठवायचे होते आणि दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली. दुसरं कुणी असतं तर थयथयाट केला असता. बाईंनी चष्मा पुसला, एक कोरी चकती द्रावकात धुतली आणि ते द्रावण यंत्रात सोडलं. कागदावर एकच उंचवटा उभा राहिला, अगदी लवंगेतल्या मुख्य घटकाच्या जागेवर. बाई वळल्या आणि पाच माणसांतून नेमकं माझ्याकडे बघून म्हणाल्या, “दाढ कधीपासून दुखतेय?”

पितळ उघडं पडलं, मामा. आमच्याकडे अत्तर सोडाच, वासाचा साबणसुद्धा चालत नाही, आणि बाईंचं नाक त्या यंत्रापेक्षा तिखट. म्हणून लवंगेच्या तेलाचा बोळा मी सर्वांत घट्ट झाकणाच्या डब्यात लपवला होता. तो डबा कोऱ्या चकत्यांचा. बोळा त्यांना शिवलासुद्धा नव्हता, पण तेल उडून कागदात मुरलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, जे दाढ बधिर करतं तेच जंतूही मारतं, आणि त्याला नुसती वाफही पुरते, हे तुम्ही फुकटात दाखवून दिलंत. मला रडू आलं (थोडं दाढेमुळे). आता नव्या चकत्या घेऊन सोमवारी सगळं पुन्हा मांडायचं आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा (तुम्ही म्हणता तसा) भित्रा भाचा

ता.क. वर दात शाबूत लिहिलंय, ते मोजणीपुरतं खरं. खालची डावी दाढ निघाल्याशिवाय चिमटा मिळणार नाही, असं बाईंनी बजावलंय. सोमवारसाठी त्यांनी ग्रंथपालाला सांगून ठेवलंय, आणि त्याचा हात चहाचा कप धरतानाही लटलटतो. शनिवारी सकाळची वेळ द्या. दाती तृण धरून शरण आलो आहे (उजव्या बाजूने).

ता.क. दुसरा. बाई सोबत येताहेत. मला वाटलं, धीर द्यायला. पण त्यांना दाढ हवी आहे. तीन वर्षं लवंग पचवून जिवंत राहिलेले जंतू त्यांना अजून कुठे मिळालेले नाहीत म्हणे. तेव्हा दाढ अखंड काढा, मामा. मी तुकड्यांत निघालो तरी चालेल.