खडा नव्हता, हे मला ठाऊक आहे

मी, भागिरथी सोपान भिंगारदिवे, वय ५९, धंदा निवृत्त सरकारी नर्स, राहणार सावेडी, अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दाब नाही. पोटावर वीतभर टाके आहेत, पण त्यांचा अकलेशी संबंध नसतो.

१) सावेडीचे दोन खोल्यांचे घर माझ्या फंडातून बांधलेले, म्हणजे माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझ्यामागे माझे पती सोपान तेथे हयातभर राहतील. त्यांच्यानंतर मुलगा सम्राट व मुलगी प्रज्ञा यांना निम्मे निम्मे. प्रज्ञाने हक्कसोड पत्रावर सही करू नये, भावाने पुरणपोळी वाढली तरी. सम्राट चांगला आहे, पण सुप्याच्या कारखान्यात लागल्यापासून चटकन सह्या घ्यायला शिकला आहे.

२) सुया उकळायचा डबा, काचेच्या सिरिंजा आणि पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायचे नळकांडे साळूबाई सुईणीला द्यावे. पारनेर तालुक्यात आम्ही दोघींनी चौतीस वर्षे बाळंतपणे केली. काही घरांत मला उंबऱ्याच्या आत बाळ येईपर्यंतच घेत, मग चहा ओट्यावर, वेगळ्या कपात. मी तो कधी प्यायले नाही. साळूबाईला आत मिळत असे, तरी माझ्यामुळे तिनेही सोडला, आणि तिला तर चहाचे व्यसन होते.

३) दीर छगन यांना काळ्या बुचाची बाटली आतल्या खड्यासह परत करावी. याचा खुलासा करणे भाग आहे.

जूनमध्ये मला कावीळ झाली आणि पुण्याला मोठे ऑपरेशन झाले. शुद्धीवर आले तेव्हा घरच्यांनी सांगितले की पित्ताच्या नळीत खडा होता. मी म्हटले, दाखवा. काढलेला खडा दवाखान्यातून बाटलीत घालून देतात, त्यामुळे सगळ्यांची पंचाईत झाली. दुसऱ्या दिवशी छगनभाऊ बाटली घेऊन आले. "वैनी, ह्यो बगा. निघाला एकदाचा. आता निस्तं खायाचं आन् झोपायचं." खडा सीना नदीतला होता आणि त्याला वाळू चिकटलेली होती. निदान धुवायला तरी हवा होता.

शिवाय, जिने जन्मभर केसपेपर वाचले तिच्यापासून केसपेपर लपवायचा, तर तो तिच्याच गादीखाली ठेवू नये. त्यात स्पष्ट लिहिले होते : स्वादुपिंडाचा कॅन्सर, लवकर सापडलेला, गाठ पूर्ण काढलेली; पुढे इंजेक्शने व विजेचे शेक घ्यावेत असा सल्ला. यावर बाहेरच्या खोलीत बैठक झाली. दोन खोल्यांच्या घरात सगळे ऐकू येते. इंजेक्शने सुरू केली तर हिला कळेल, कळले तर ही हाय खाईल, सबब नकोच, असे ठरले. म्हणजे आजार माझा, आणि मला कळू नये म्हणून उपचार रद्द.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते चपापले. "बाई, तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी म्हटले, माझ्याच पोटातली गोष्ट आहे. मग मोकळेपणाने बोलले. उपचार घेतला म्हणजे आजार परत येणार नाही असे नव्हे; थोडी जास्त आशा, एवढेच. तोंड येईल, जुलाब होतील, गळून जाल. मी म्हटले, "नक्की काय ते सांगा." ते म्हणाले, "नक्की मलाही सांगता येत नाही." तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

४) हे शरीरही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे, त्यात कोणाचाही हक्क-हिस्सा नाही. वकील म्हणाले, उपचाराची बाब मृत्युपत्रात बसत नाही. मी बसवली आहे. उपचार मी घेणार; त्यासाठी डॉक्टरांनी उद्या, सोमवारी, पुण्याला बोलावले आहे. सोसला नाही तर थांबवायचे केव्हा, तेही मीच ठरवीन. त्या वेळी कोणी रडून गळ घालू नये. भीती वाटते. ज्या पोरांना आईच्या कडेवरून ओढून मी लशी टोचल्या, त्यांच्याइतकीच वाटते. पण मला जगायचे आहे. प्रज्ञाची लेक पंधरा महिन्यांची आहे, तिला अजून आजी म्हणता येत नाही.

५) पती सोपान यांच्याविषयी. पोस्टात नोकरी केलेला हा माणूस छत्तीस वर्षांत माझ्याशी खोटे बोलला नव्हता. दीड महिना बोलत आहे, आणि त्यापायी रोज सकाळी मला चहा करून देत आहे. पहिल्या दिवशी साखरेचा डबा कुठे असतो हे त्यांना शोधावे लागले. त्यांच्यावर माझा राग आहे आणि जीवही आहे. म्हणून मृत्युपत्र मेल्यावर वाचायची रीत मी मोडत आहे.

आज दुपारी त्यांना समोर बसवून इथवरचे सगळे वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं, भागा?"

ऑपरेशन झाल्यापासून या घरात मला कोणी काही विचारले, ते आज पहिल्यांदा. सहाची एसटी धरायची ठरली आहे.

वरील मजकूर माझाच आहे, खाडाखोड नाही.

सही : भागिरथी सोपान भिंगारदिवे

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही केली :
१) काकासाहेब म्हस्के, एसटीडी बूथचालक, सावेडी
२) सूर्यभान गाडेकर, निवृत्त कंपाउंडर, सावेडी

ठिकाण : सावेडी, अहमदनगर
दिनांक : १८ ऑगस्ट १९९६, रविवार