पेवावरची बाज

२ सप्टेंबर १९८७, बुधवार

सगळ्यात आधी आली ती गुरम्माच. फिल्मवाले दहाला येणार, ही आठलाच इरकली नेसून ओट्यावर! धाकटी जाऊ माझी, पण हौस दांडगी. म्हटलं, "कुणाचं लगीन हाय गं?" तर म्हणते, "अक्का, तुमी सकाळधरनं तेल लावून बसलाव, त्याच लग्नाला आले मी."

नांदेडहून पंचशीला नावाची मास्तरीण आली, संगं एक कॅमेरावाला. स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाली म्हणून जुन्या माणसांच्या फिल्मा करून राहिलेत. कंधारची झाली, आता आमचं उदगीर. सतरा तारखेला शाळेच्या पटांगणात दाखवणार. पोरगी वहीत जिल्हा उस्मानाबाद लिहायली होती. म्हटलं, लातूर लिही बाई, पाच वर्षं झाली. जिल्हा नवा, पाणी मात्र टँकरचंच. चहा अर्धा अर्धा कप दिला.

मी नेहमीचंच सांगितलं. माझा दीर चंद्रप्पा चळवळीचे कागद पोचवायचा. रझाकारांनी धरून नेला, मारला. चौकातल्या दगडावर नाव आहे त्याचं. गुरम्मा शेजारी मान हलवत होती. नवरा तिचा. तिचा लेक धोंडप्पा, मास्तर आहे, तो दर झेंडावंदनाला हेच बोलतो.

मग छोट्या टीव्हीत माझंच तोंड दाखवलं. लई मजा वाटली. इतके दात पडलेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

४ सप्टेंबर

टँकर आला नाही.

५ सप्टेंबर, शनिवार

पंचशीला एकटीच आली. गुळाचा खडा दिला, तर अर्धा मलाच भरवला. गुणाची पोर. मग म्हणाली, "आजी, त्यांना नेलं ते कुठून? ती जागा घ्यायची फिल्ममध्ये."

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी नुसती खोकत बसले. पुढच्या शनिवारी दहाला येते, तेव्हा दाखवा, म्हणाली.

प्रौढ वर्गात अक्षरं शिकले ती नातवंडांना पत्र लिहायला. आज हे लिहिते.

चंद्रप्पाला कुणी नेलंच नाही.

वेशीत रझाकारांचे घोडे आल्याची हाक आली, तेव्हा पडवीत जमिनीखाली खणलेलं ज्वारीचं पेव नुकतंच उघडलं होतं. पेव उघडलं की दोन दिवस वारं लागू द्यायचं. मग कंदील आत सोडायचा. विझला तर आत जीव घेणारी हवा, माणूस उतरवायचा नाही. आमच्यात लेकरांनाही ठाऊक आहे हे. पण सासूबाई म्हणाल्या, "उतर." तो उतरला. वर फरशी ठेवली. शेणानं सारवलं ते मी. जुनं दिसावं म्हणून राख भुरभुरली तीही मीच.

गुरम्मा दहा दिवसांची बाळंतीण. तिची बाज उचलून त्यावर मांडली, खाली शेगडी ठेवली. बाळंतिणीला कोण उठवणार? चंद्रप्पा सोलापूरकडं पळाला असं तिला सांगितलं. कच्चं अंग, ओरडली असती.

ते लोक दोन दिवस हलले नाहीत. भाकरी मीच थापल्या त्यांना.

ते गेल्यावर फरशी काढली. चंद्रप्पा आत गार पडलेला. माझ्या मालकांनी पहाटे त्याला नाल्यात नेऊन ठेवलं. दिवस उजाडल्यावर गावानं रझाकारांचं नाव घेतलं. आम्ही नाही म्हटलं नाही.

सासूबाई गेल्या, मालक गेले. आता ठाऊक असणारी मी एकटी.

८ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस भाकर गोड लागेना. फिल्मसाठी खोटी जागा दाखवायची म्हणजे पुन्हा सारवणंच की. आणि खरं बोलायचं तर आधी गुरम्माशी. चारचौघांत पडद्यावर तिला कळायला नको. पण ती तुटली तर माझं कोण? सकाळची मिश्री, चहा, भांडण, सगळं तिच्यासंगं. आणि धोंडप्पानं बापाच्या नावावर जन्म काढलाय.

ती डाळ निवडत होती. मी सांगून टाकलं, मान खाली घालून. राखेपर्यंत सगळं.

ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "लई खडे हायत अक्का ह्या डाळीत." सूप तिथंच ठेवून घरी गेली.

९ सप्टेंबर

आली नाही. दाराला आतून कडी. धोंडप्पा विचारून गेला, "मोठीमाय, भांडलाव का तुमी दोघी?" हाव म्हटलं.

१० सप्टेंबर, गुरुवार

गुरम्मा आली. बसली नाही, उभ्यानंच बोलली. "त्यानं खालनं ठोकलं होतं अक्का. दोनदा. ते लोक दारात भाकर खात होते. धोंडू निजला होता, त्याला चिमटा घेऊन रडवला मी. तिसऱ्यांदा ठोकलं का न्हाई, ते रडण्यात ऐकू आलं न्हाई."

त्या बाईला मीच सांगते म्हणाली. पंचशीला परवा येणार, शनिवारी, दहाला.