शेवटच्या बाकावरचे निरीक्षण

५ जानेवारी, अकोट

सुखरूप पोहोचलो. सकाळी अमरावतीस गाडीतून उतरलो आणि एस.टी.ने अंजनगावमार्गे दुपारपर्यंत अकोट गाठले. थांब्यावर गुलाम नबी स्वतः घ्यायला आले होते. ते उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक असून त्यांच्याच घराची वरची खोली प्रशिक्षण आयोजित करणाऱ्या संस्थेने माझ्यासाठी घेतली आहे. माझ्या हातातील पेटी उचलून पाहताच त्यांनी हसत विचारले की, पुण्याहून दगड भरून आणले का सर, आमच्या वऱ्हाडात काय दगडाची कमी हाय.

कापसातून सरकी काढण्याचा, जिनिंगचा हंगाम आहे. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकले आहेत आणि हवेत सतत बारीक तंतू तरंगतात. खोली स्वच्छ असून खिडकीतून शाळा दिसते. ही बंद पडलेली जुनी शाळा तीन आठवड्यांसाठी आमच्या ताब्यात आहे. येथे मला जिल्हा परिषदेच्या बावीस शिक्षकांना इंग्रजी कसे शिकवावे हे शिकवायचे आहे. सेवा विनामूल्य आहे, आणि तसेच असावे.

जेवण मनकर्णाबाई देतात. आज भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी होती. माझे दोन वाक्यांचे आभारप्रदर्शन ऐकून त्यांनी विचारले की, सर बोलून राहिले का बातम्या देऊन राहिले. बऱ्याच महिन्यांनी मोठ्याने हसलो.

पत्नी ज्योत्स्ना गेल्यानंतर हाती घेतलेले हे पहिलेच काम आहे. ते नीट पार पडेल, असे वाटते.

७ जानेवारी

पहिला दिवस उत्तम गेला. चीनमध्ये, गान्सू प्रांतातील त्या लहान गावी, आम्ही उभयतांनी दोन वर्षे स्वयंसेवक म्हणून तेथील शिक्षकांना प्रशिक्षण दिले. तीच पद्धत येथे वापरणार आहे. एकाने शिकवायचे. दुसऱ्याने शेवटच्या बाकावर बसून निरीक्षण-कागद भरायचा. निरीक्षकाने पाठ चालू असताना एक शब्दही बोलायचा नाही. तास संपल्यावर शिकवणाऱ्याने कोणताही वाद न घालता कागदावर सही करायची. सही म्हणजे मान्यता. खालच्या रकान्यातील सूचना पुढच्याच पाठात अमलात आणायची. हे नियम मी केले होते. तेथे शेवटच्या बाकावर नेहमी ज्योत्स्ना असे.

सवयीने आजही मी शेवटच्या बाकावर एक कोरा कागद ठेवला आणि शेजारी तिची झाकणाची काचेची बरणी. चीनमधील शिक्षक अशा बरणीत गरम पाणी घेऊन वर्गात येतात. तिलाही ती सवय जडली होती. बाक दोघांचे आहे. मी ते रिकामेच ठेवले.

मधल्या सुट्टीत मनकर्णाबाईंना मी दोन कप चहा सांगितला. दुसरा कोनासाठी सर, असे त्यांनी विचारले. त्यांनी दोन्ही कप ठेवले आणि गेल्या.

९ जानेवारी

कागद भरलेला आढळला.

पेन्सिलीने एकच सूचना लिहिली होती: ‘फळ्याकडे तोंड करून बोलू नये. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत नाही.’

ही माझी जुनी खोड आहे. एखाद्या चाणाक्ष प्रशिक्षणार्थीने टिपली असावी, असे प्रथम वाटले. मग अक्षर पाहिले. ज्योत्स्ना आधी पूर्ण ओळीची अक्षरे लिहीत असे आणि शेवटी डावीकडून उजवीकडे सगळ्या ओळीवर एकच लांब शिरोरेषा ओढत असे. इतरांच्या सूचना ती इंग्रजीत लिही. माझ्या मात्र मराठीत, तिथल्या कोणाला कळू नयेत म्हणून.

मी घाबरलो नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. मला आनंद झाला. मी सही केली.

१२ जानेवारी

दुपारच्या सत्रात बरणीचे झाकण फिरवल्याचा आवाज आला, आणि ते पुन्हा बसवल्याचा. सर्व प्रशिक्षणार्थी पुढे पाहत होते.

खिडक्यांतून येणारे कापसाचे तंतू प्रत्येक बाकावर बसतात. मनकर्णाबाई दोनदा झाडतात, तरी बसतात. शेवटच्या बाकाच्या डाव्या अर्ध्या भागावर मात्र एकही नाही. तेथे एक माणूस बसेल एवढी जागा स्वच्छ राहते.

आजची सूचना: ‘मागे एकटीला थंडी वाजते. शेजारी कोणाला तरी बसवावे.’

सही केली. नियमानुसार उद्या अंमलबजावणी करावी लागेल.

१३ जानेवारी

प्रशिक्षणार्थींपैकी हर्षाबाई अंजनगावकडील शाळेवर आहेत. बसमुळे रोज दहा मिनिटे उशीर होतो. आज आल्या तेव्हा मी त्यांना शेवटच्या बाकावर, उजव्या बाजूस, बसण्यास सांगितले. उशिराची शिक्षा का सर, असे विचारत त्या हसत जाऊन बसल्या. वय तिशीच्या आत, अत्यंत हुशार. पाच वर्षांची मुलगी अमरावतीस, राजापेठेत आजीजवळ असते. कायम नेमणूक झाली की तिला घेऊन येणार आहेत. त्यासाठी हे प्रमाणपत्र त्यांना हवे आहे.

त्या बसल्या तेव्हा डाव्या बाजूला सरकून जागा करून दिल्यासारखे बाक करकरले.

१५ जानेवारी

हर्षाबाईंनी तास संपल्यावर सांगितले की, मागे लय थंडी वाजते, आन्‌ कोनी तरी बाजूले गरम पानी पिऊन राहिलं असा आवाज येते. बाकीचे हसले. त्यांनीही हसण्याचा प्रयत्न केला. हात डाव्या बरगडीखाली दाबलेला होता. दोन दिवसांपासून तेथे दुखते. उद्याची रजा मिळेल का, असे त्यांनी विचारले.

मी म्हणालो की, दहा-बाराच दिवस राहिले आहेत. हजेरी भरली नाही तर प्रमाणपत्र मिळणार नाही. एवढे सत्र पूर्ण करू, मग जाऊ.

त्यांनी मान डोलावली.

खोलीवर आल्यावर हे लिहिताना हात थांबला. हेच वाक्य. शब्दशः हेच. ज्योत्स्नाची डावी बरगडी दुखू लागली तेव्हा गान्सूमध्ये तीन आठवड्यांचे काम शिल्लक होते. एवढे सत्र पूर्ण करू, मग जाऊ, असे मी म्हणालो होतो. ती कोटाच्या आत गरम पाण्याची पिशवी धरून शेवटच्या बाकावर बसली. चाळीस कागद भरले. भारतात परतलो तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला उशीर का केला एवढेच विचारले. मार्चमध्ये ती गेली.

तिने एकदाही मला दोष दिला नाही. निरीक्षकाने बोलायचे नसते.

१७ जानेवारी

हर्षाबाई काल वर्गातच कोसळल्या. कागदावर लिहिले होते: ‘शेजारीण चांगली आहे. तिलाच ठेवावे.’ मी सही केलेली नाही.

आज अमरावतीस रुग्णालयात जाऊन आलो. सर्व तपासण्या निर्दोष आहेत. डॉक्टरांना कारण सापडत नाही. तरीही त्या तीन दिवसांत तीन महिन्यांच्या आजाऱ्यासारख्या दिसतात. गालांची हाडे वर आली आहेत. मी हा चेहरा ओळखतो. कसा बदलत जातो, तो क्रमही मला पाठ आहे.

त्यांची आई लीलाबाई मला दारातच अडवून म्हणाल्या की, माही पोर घोड्यासारखी धडधाकट होती सर. तुमच्या वर्गात बसली आन्‌ हे असं झालं. तुमी तिले तिथं काहून बसवलं? मुलगी आजीच्या पदराआडून माझ्याकडे पाहत होती.

हर्षाबाईंनी फार हळू आवाजात विचारले की, माह्या बाजूले बसते ते बाई कोन हाय. ते बोलत नाही. नुसता कागद सरकवते. सही मागते. मी केली तर बरं वाटंल का सर.

करू नका, असे मी म्हणालो. आवाज चढला. परिचारिका आत आली.

१९ जानेवारी

काल सर्व कोरे कागद चुलीत घातले. बरणी पेटीत ठेवून कुलूप लावले. किल्ली खिशात होती.

आज बरणी शेवटच्या बाकावर होती. काच गरम होती.

कागदही होता. ‘उद्या हर्षाबाई येतील. कायम येथेच बसतील. सही करावी.’

ज्योत्स्नाने कोणाचे वाईट चिंतलेले मी तीस वर्षांत पाहिले नाही. हे जे आहे ते तिचे अक्षर वापरते. का ते तिचेच आहे, आणि मी तिला ओळखत नव्हतो?

संध्याकाळी लीलाबाईंचा फोन आला. हर्षा उठून बसली आहे, सलाईन काढून टाकली, साडी नेसली, उद्या अकोटला वर्गाले जातो म्हणते, कोनाचंच ऐकून नाही राहिली. पोर पायाले मिठी मारून रडते, तरी तिच्याकडं पाहत नाही. तुमी सांगा सर, तुमचंच ऐकंल. त्या रडत होत्या.

मी हर्षाबाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, एवढे सत्र पूर्ण करू, मग जाऊ.

त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी अजिबात नव्हती.

२० जानेवारी, सकाळी

गुलाम नबींना सर्व सांगितले. ते हसले नाहीत. चाळीस वर्षे हजेरी घेतली सर, ते म्हणाले, गेलेल्या पोराचं नाव पटावरून कापावंच लागते. हात कापते, पन कापावं लागते. तुमी नाव तर कापलं नाहीच, वरून जागा मांडून ठेवली, चाय बी ठेवली. आता ते जागा कोनी तरी भरनारच. त्या पोरीले काहून भरू देता.

बरोबर आहे. जागा मी मांडली.

मनकर्णाबाईंना आज शाळेत येऊ नका म्हणून सांगितले. प्रशिक्षणार्थींना सुट्टी दिली. गुलाम नबी अंजनगाव थांब्यावर उभे आहेत. हर्षाबाईंची बस तेथे थांबली की त्यांना उतरवून धरून ठेवतील.

साडेदहा

वर्गात एकटा आहे. शेवटच्या बाकावर, उजव्या बाजूस, बसलो आहे. कालच्या कागदावरील हर्षाबाईंचे नाव खोडले. त्या जागी माझे लिहिले. सही केली. पूर्ण नाव, तारीख.

बाहेर लख्ख ऊन आहे. जिनिंगची घरघर ऐकू येते.

डाव्या बरगडीखाली गार वाटते.

पावणेअकरा

गुलाम नबींचा फोन. हर्षाबाई बसमध्येच, अंजनगावच्या अलीकडे, एकदम रडू लागल्या. मी कुठं चालली, असे शेजारणीला विचारले. अंजनगावला त्यांच्यासमोरच उतरून आईला फोन केला. भूक लागली आहे म्हणाल्या. बरगडी दुखत नाही. परत राजापेठेत निघाल्या.

सुटल्या.

तुमी बी निघा आता सर, असे ते म्हणाले. मी प्रयत्न केला. पाय —

बाकावरून उठता येत नाही.

अकरा

डावीकडे कोणी नाही. स्वच्छ जागेवर आता तंतू बसू लागले आहेत. हळूहळू. ती उठून गेली आहे.

निघून गेली, असे वाटले. दोन मिनिटे तसे वाटले.

पुढे खडूचा आवाज.

अकरा वाजून

फळ्यापाशी उभी आहे. पाठ माझ्याकडे. गान्सूचा तो राखाडी कोट. आतून सैल — आत फारसे काही नसावे इतका सैल.

आज ती शिकवते आहे. मी निरीक्षक.

हाक मारायची होती. आवाज निघत नाही. नियम माझाच.

लिहिणे तेवढे जमते. वही आहे म्हणून

फळ्यावर अक्षरे उमटत आहेत. शिरोरेषा नाही. आधी सगळी अक्षरे — ए — व — ढे —

एवढे सत्र पूर्ण करू मग जाऊ

झाले. पूर्ण झाले. खडू परत डावीकडे नेला. आता रेघ.

रेघ ओढून झाली की ती वर्गाकडे वळत असे. नेहमी. पहिल्या पाठापासून. मीच शिकवले होते —

सत्र — इथवर आली. सावकाश. खडू करकरतो.

कॉलरच्या वर केस नाहीत. शेवटी नव्हतेच. पण मान अशी — अशी नव्हती

पूर्ण — पर्यंत

निरीक्षण-कागद माझ्यापुढे सरकला आहे. कोणी सरकवला नाही. खालचा रकाना कोरा. सूचना लिहिली तर ती मानावी लागते. तिलाही. नियम दोघांना

करू —

पेन्सिल सापडत नाही. वहीतच लिहितो. वहीतले चालेल का. चालावे

मग —

पुढील पाठासाठी सूचना: फळ्याकडेच तोंड असू द्यावे. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येते. सगळे ऐकू येते. ज्योत्स्ना, कृपया वळू न