माळावरचा एकुलता नर

२ ऑगस्ट १९७६
वनखात्यात हंगामी संशोधन सहायक झालो. काम एकच: होटगीपलीकडच्या माळावर माळढोक पक्षी शोधणे. पक्षी सापडला की माळ राखीव. माळ राखीव झाला की मी कायम. मी कायम झालो की ईश्वरप्पामामा दाक्षायणी देणार. मामा आमच्याच ऑफिसात हेडक्लार्क. म्हणतात, हंगामी जावई नको. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

५ ऑगस्ट
साडेसातला उठलो. शास्त्रज्ञाला झोप लागतेच. माळावर पक्षी नाही, मेंढरं मात्र ढीगभर.

९ ऑगस्ट
नवी पद्धत. नर 'हूऽम' असा घुमतो. आपण घुमलो की तो चिडून येणारच. घरी प्रॅक्टिस केली. आईने अडुळशाचा काढा पाजला.

१४ ऑगस्ट
हरिबा धनगराची घोंगडी मागून घेतली. डोक्यावरून खोळ, घसा बसू नये म्हणून गळ्याला पांढरा मफलर. झुडपात बसून घुमलो. हरिबाचं कुत्रं आलं. हरिबा म्हणाला, "लई झ्याक घुमतोस की! पर आदी भाकर खा." शेंगांची चटणी फर्स्टक्लास होती. आता रोज तिथेच जेवतो.

२० ऑगस्ट
पुण्याहून साहेब तपासणीला आले! जीप लांबच थांबली. मी हललो नाही. उलट मान वर करून जोरात घुमलो. साहेब दुर्बिणीतून बघतच राहिले, हरिबाशी बोलले आणि जवळ न येता गेले. माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून! असे अधिकारी दुर्मीळ.
हरिबाला खोदून विचारलं. साहेबांनी विचारलं होतं, हा रोज दिसतो का? हरिबा म्हणाला, "व्हय की. रोज हितंच बसतंय, शेंगा खातंय. कुणाला तरास न्हाय." साहेब एकदम खूश. म्हणजे मी कायमच! दाक्षायणीला गजरा पाठवला.

३० ऑगस्ट
साहेबांचा रिपोर्ट आला. मामांनी सगळ्यांदेखत सांगितलं. माळावर एक नर प्रत्यक्ष पाहिला. पूर्ण वाढलेला, मान पांढरी, अंगाने जरा स्थूल. शेंगा खातो. माळ ताबडतोब राखीव करावा.
संशोधन सहायक मात्र जागेवर नव्हता. त्याला मुदतवाढ देऊ नये.
मामांनी विचारलं, कुठे उंडारत होतास? खरं सांगावं तर माळ जातो, न सांगावं तर दाक्षायणी. फार वाईट वाटलं. तोंड उघडलं, तर घशातून नुसतं 'हूऽम' निघालं.
हरिबाची घोंगडी परत करायची आहे. पण माळावर आता परवानगीशिवाय जाता येत नाही. पक्षी बुजतो म्हणे.