मल्लय्यामामांचा बारकोड

गुरुवार, संध्याकाळ

जेवण जात नाही. किळस आली आहे. शेठची, आणि त्याहून जास्त माझी.

दुकानातल्या चादरींचे बारकोड मीच करते. एक्सेलमध्ये नंबर टाकायचा, दोन्ही टोकांना चांदणीचं चिन्ह (*) द्यायचं, बारकोडचा फॉन्ट लावला की झालं लेबल. गिऱ्हाइकासमोर स्कॅन केलं की विणणाऱ्याचं नाव आणि फोटो स्क्रीनवर येतो. मल्लय्यामामांचा फोटो मी काढला होता. दोरीनं बांधलेला चष्मा, हसरा चेहरा, मागे त्यांचा हातमाग.

मामा उन्हाळ्यात वारले. माग भंगारात गेला. तरी आज बाहेरून आलेल्या मशीनच्या चादरींना शेठनं मामांचाच नंबर लावायला सांगितला. म्हणे, "नाव चालतंय की त्यांचं. लोकं फोटो बघून घेतात." मी लावला. का लावला? नाही म्हणता आलं नसतं का?

दुपारी मामांची बायको राजव्वा आली, दुकानात राहिलेला त्यांचा डबा न्यायला. मी नेमकी एका गिऱ्हाइकाला चादर दाखवत होते. स्कॅनर वाजला आणि स्क्रीनवर तो दोरीचा चष्मा आला. राजव्वा जागीच थांबली. वाटलं, आता ही ओरडेल, शेठला जाब विचारेल. विचारला असता तर बरं झालं असतं.

ती जवळ आली. "असा हसरा फोटो घरात एकबी न्हाय गं. परत एकदा वाजव की."

मी वाजवलं. गिऱ्हाइकाचे डोळे भरून आले, आणि त्यानं ती खोटी चादर बांधून मागितली.